रशियन पोरांनी आइस हॉकी घरीच शिकावी की बाहेर जावं? थोडं सविस्तर सांगते

प्रश्न असा आलाय: विचारणारे मॉस्कोत फार्मा कंपनीत नोकरीला आहेत, त्यांच्या शेजाऱ्यांचा मुलगा १६ वर्षांचा आहे, डिफेन्समन म्हणजे बचावपटू, एका मोठ्या क्लबच्या शाळेत खेळतो. एका एजंटने त्याला कॅनडातल्या ज्युनियर लीगचं गाजर दाखवलंय, आईवडील घाबरलेत, आणि घरात रोज एकच वाद चाललाय की ओव्हेचकिन, एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमधला तो रशियन स्टार, घरी राहूनच मोठा झाला तर आपल्याला जायची काय गरज. मी ओंटारियोत बरीच वर्षं ज्युनियर वयाच्या मुलांना स्केटिंग आणि स्किल्स शिकवते, उन्हाळ्यात रशियातून आलेली पोरंही हाताखाली असतात, काही टिकतात, काही वर्षभरात परत जातात. त्यामुळे जे बघितलंय तेच सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. १६-१७ पर्यंत रशियात जे शिकवतात ते सोडून येण्यात काही अर्थ नाही. पण त्यानंतर देश बघूच नका, फक्त एवढंच बघा की पोराला मॅचमध्ये बर्फावर किती मिनिटं मिळतात आणि कोणाविरुद्ध मिळतात. जिथे १७ ते २० या वयात जास्त आणि कठीण मिनिटं मिळतील ती जागा बरोबर, मग ती रशियातल्या यारोस्लाव्हलला असो की ओंटारियोतल्या विंडसरला.

आता हे असं का म्हणते ते. रशियातल्या स्पोर्ट्स स्कूलमध्ये पोरगं सहा-सात वर्षांचं असल्यापासून जवळजवळ रोज बर्फावर असतं, जन्मवर्षाप्रमाणे गट पाडलेले असतात, तेच कोच तोच गट वर्षानुवर्षं पुढे नेतात. सीएसकेए, डायनॅमो, चेल्याबिन्स्कचा ट्रॅक्टर, मॅग्निटोगोर्स्क, उफा, ओम्स्कचा अवानगार्ड, यारोस्लाव्हलचा लोकोमोटिव्ह, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच पद्धत. याचा परिणाम काय होतो ते मला पहिल्या दहा मिनिटांत पायांवरून कळतं. तिकडून आलेला १५-१६ वर्षांचा मुलगा कोपऱ्यातून पक, म्हणजे ती रबराची चकती, घेऊन निघतो तेव्हा टाचेला टाच लावून, दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला उघडून गोलाकार वळतो, छाती पूर्ण मैदानाकडे, मान वर, पक स्टिकवर असून नसल्यासारखा, आणि वेग कुठेच तुटत नाही. इथल्या त्याच वयाच्या चांगल्या मुलालासुद्धा त्या वळणात एकदा तरी खाली पकाकडे बघावं लागतं. हे उन्हाळ्याच्या कॅम्पात शिकवून येत नाही, त्याला लहानपणीची रोजची मेहनत लागते. इथे कॅनडात त्या वयात पोरं मॅचेस खूप खेळतात, पण प्रॅक्टिस त्यामानाने कमी, आणि ट्रिपल ए, म्हणजे पोरांच्या वरच्या लेव्हलचा खर्च वर्षाला हजारो डॉलर जातो तो वेगळाच.

तिकडेही सगळं छान आहे असं नाही हं. शाळा नावाला फुकट असते, पण पॉडकात्का म्हणजे पैसे देऊन घ्यायची वेगळी बर्फावरची शिकवणी, ती लावल्याशिवाय पोरगं मागे पडतं असं तिकडचे पालकच सांगतात. आणि बऱ्याचदा शिकवणी घेणारा कोच आणि टीम निवडणारा कोच एकच असतो, यातून काय भानगडी होतात ते आपल्याकडच्या कोचिंग क्लासवाल्या पालकांना वेगळं सांगायला नको. कोचची नोकरी लहान गटांच्या ट्रॉफीवर ठरते त्यामुळे तेराव्या वर्षी ज्याची उंची वाढली तो खेळतो आणि उशिरा वाढणारा बाकावर बसतो. तरीही माझं म्हणणं तेच, या वयात तिकडचा पाया घ्यावा.

खरी अडचण सुरू होते १७ ला. २००९ ला सुरू झालेली ज्युनियर लीग म्हणजे एमएचएल, आणि वर केएचएल, म्हणजे तिकडची मोठ्यांची मुख्य लीग, या दोघांच्या मधे मोठी खाई आहे. एमएचएलमध्ये क्लब भरपूर आहेत, लेव्हल खूप वरखाली आहे, त्यामुळे खरोखर भारी मुलगा तिथे लवकरच पुरून उरतो. एसकेएचा फॉरवर्ड इव्हान देमिदोव्हचंच बघा, २०२३-२४ ला त्याने एमएचएलमध्ये ३० मॅचमध्ये ६० पॉइंट केले (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून पॉइंट). म्हणजे मॅचला दोन. अशा मुलाला त्या लीगमध्ये आणखी काय शिकायला मिळणार? पण वर जायचं तर वर जागा नाही, कारण सेंट पीटर्सबर्गच्या एसकेएच्या मागे गॅझप्रॉम, सीएसकेएच्या मागे रोसनेफ्ट, लोकोमोटिव्हच्या मागे रशियन रेल्वे, एवढा पैसा असल्यावर क्लब तयार, अनुभवी खेळाडू आणतात आणि कोचला आज जिंकायचं असतं. मग १८ वर्षांचं पोरगं तेरावा, म्हणजे राखीव फॉरवर्ड म्हणून जर्सी घालून बसतं, पूर्ण संध्याकाळ बाकावर, आणि दोन-तीन शिफ्ट, म्हणजे बर्फावरच्या छोट्या पाळ्या, मिळाल्या तर मिळाल्या. कागदावर त्याने केएचएलची मॅच खेळली, प्रत्यक्षात त्या दिवशी त्याची प्रॅक्टिससुद्धा बुडाली.

देमिदोव्ह २०२४-२५ ला याच सगळ्यातून गेला, कधी मोठ्या लाईनवर (लाईन म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) तर कधी जेमतेम बर्फावर, तरी त्याने ६५ मॅचमध्ये ४९ पॉइंट केले जे केएचएलमध्ये २० च्या आतल्या कुठल्याही खेळाडूने एका सीझनमध्ये केलेले सगळ्यात जास्त, आणि एप्रिल २०२५ ला मॉन्ट्रियलला पहिल्याच मॅचमध्ये गोल मारला. लोक हे उदाहरण देतात, की बघा घरीच राहून झालं. झालं, पण तो देमिदोव्ह आहे. त्याच्याएवढ्या गुणाचं पोर वर्षाला एखादं निघतं, त्याच्या नावावर बाकीच्यांनी निर्णय घेऊ नये.

मला मिचकोव्ह या फॉरवर्डचं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. एसकेएमध्ये त्याला जागा मिळेना, म्हणून २०२२-२३ च्या मधेच त्याला सोचीला लोनवर पाठवलं. सोची तेव्हा टेबलच्या तळाशी होती. तिथे त्याला भरपूर मिनिटं मिळाली, पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेने बाहेर असतानाचा खेळ, मिळाला, चुका करायची मुभा मिळाली आणि २७ मॅचमध्ये २० पॉइंट आले, पुढच्या सीझनला त्याच टीममध्ये ४७ मॅचमध्ये ४१. मग २०२४ ला फिलाडेल्फियात येऊन पहिल्याच वर्षी २६ गोल. तो देशाबाहेर कुठे गेला नव्हता, फक्त मोठ्या क्लबमधून छोट्या क्लबमध्ये गेला होता. "घरी की बाहेर" या वादात ही तिसरी वाट कोणी धरतच नाही.

आणि ही वाट रशियात पूर्वी जास्त रुंद होती. नोव्होकुझ्नेत्स्क नावाचं सैबेरियातलं कोळसा आणि पोलादाचं शहर आहे, तिथला मेटालुर्ग क्लब केएचएलमध्ये कायम खाली, पैसे नाहीत, स्टार घ्यायची ऐपत नाही. म्हणून तिथे घरची पोरं खेळायची. त्या एका क्लबातून बोब्रोव्स्की निघाला, दिमित्री ऑर्लोव्ह निघाला, इल्या सोरोकिन निघाला आणि किरिल कप्रिझोव्ह निघाला. कप्रिझोव्ह १७ व्या वर्षी मोठ्या माणसांमध्ये खेळत होता कारण क्लबला दुसरा पर्यायच नव्हता! २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल क्लब तरुण खेळाडूंवर हक्क राखतात त्या निवडीत, मिनेसोटाने त्याला पाचव्या राउंडला, १३५ वा घेतला, तो पुढे उफा आणि सीएसकेएमधून खेळून २०२० ला आला, आल्या आल्या नवोदितांची काल्डर ट्रॉफी, आणि २०२५ ला आठ वर्षांचा १३६ मिलियन डॉलरचा करार. मेटालुर्गला मात्र २०१७ ला केएचएलमधून बाहेर काढलं, लीग आर्थिकदृष्ट्या नीटनेटकी करायची होती. मला याचं अजून वाईट वाटतं, कारण अशा गरीब क्लबची एक जागा गेली की दरवर्षी पाच-सहा पोरांची १७ ते २० ची शाळा बंद होते, आणि मग आपणच विचारत बसतो की मुलं कॅनडाला का जातात.

म्हणजे जायचं असेल तर कारण हे पाहिजे, की घरी मिनिटं नाहीत. इंग्रजी येईल, स्काउट बघतील, ही कारणं दुय्यम. स्काउट चांगल्या खेळाडूला शोधून काढतातच, पनारिनला तर कोणी ड्राफ्टसुद्धा केलं नव्हतं, चेल्याबिन्स्कजवळच्या कोर्किनोचा मुलगा, २३ व्या वर्षी शिकागोला आला आणि काल्डर जिंकला.

इथे आल्यावर काय होतं ते सांगते. रशियातली जुनी मैदानं ३० मीटर रुंद, आता तिकडेही लहान झालीत बरीच, पण पोरांच्या डोक्यात मोठं मैदान बसलेलं असतं. इथलं मैदान साधारण २६ मीटर. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर गेले, ऐकायला कमी वाटतं. पण एका उरलकडच्या विंगरला मी बघितलंय, डिफेन्समनने बोर्डाच्या, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीच्या, कडेने पक मारला, याने तो सुंदर घेतला आणि सवयीप्रमाणे मागे वळून मोकळी जागा शोधायला निघाला, कारण तिकडे शिकवतात की पक फुकट देऊ नका, परत फिरा, पुन्हा रचना करा. तेवढ्यात समोरचा डिफेन्समन खाली उतरून आला होता आणि तो सरळ याच्या खांद्यात घुसला. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळीही तेच. मग त्याला शिकवलं की पक यायच्या आधी दोनदा खांद्यावरून मागे बघ, बोर्डाशी थांब, पाठ त्या येणाऱ्या माणसाला दे आणि एका टचमध्ये सेंटरला सरकव, बस्स. ऑगस्ट संपेपर्यंत ते अंगात मुरलं, पण त्याची ती वळून रचना करायची बुद्धी मी मारू दिली नाही, जागा असेल तेव्हा वळच म्हटलं. इथले काही कोच ती मारतात. पक बाहेर काढ, मागे धाव, एवढंच सांगत राहतात आणि दोन वर्षांत तिकडून आलेला कलाकार इथल्यासारखाच एक साधा तिसऱ्या लाईनचा खेळाडू होऊन बसतो. एजंट ही गोष्ट कधी सांगत नाही, म्हणून क्लब निवडण्याआधी कोच कोण आहे ते बघा.

नियमाची एक गोष्ट पालकांना हमखास माहीत नसते. कॅनडाच्या तीन ज्युनियर लीग, ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल, मिळून सीएचएल. तिथून ड्राफ्ट झालेला मुलगा १८-१९ चा असताना एनएचएलच्या टीममध्ये बसला नाही तर त्याला परत ज्युनियरलाच जावं लागतं, एएचएल या एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये मोठ्या माणसांबरोबर खेळता येत नाही, आता १९ वर्षांच्यांसाठी थोडी वाट मोकळी करायचं चाललंय. पण रशियातून थेट ड्राफ्ट झालेला मुलगा १८ व्या वर्षी एएचएलमध्ये खेळू शकतो. शिवाय सीएचएलवाल्याला एनएचएल क्लबने दोन वर्षांत करार दिला नाही तर क्लबचा त्याच्यावरचा हक्क संपायचा, हा नियम बदलतोय, ताजा काय आहे ते विचारून घ्या. म्हणजे बाहेर आलात की घड्याळ जोरात पळायला लागतं, उशिरा वाढणाऱ्या पोराने हे नीट समजून घ्यावं. दुसऱ्या बाजूने एक दार नवीन उघडलंय, ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकन कॉलेज हॉकी खेळता येते, आधी येत नव्हती. २० व्या वर्षी हात रिकामे राहण्यापेक्षा डिग्री आणि चार वर्षं हॉकी, हा फार मोठा फरक आहे आणि आईवडिलांना मी हे पहिलं सांगते.

बाहेर येऊन ज्यांचं भलं झालं ते बहुतेक शरीराने तयार आणि डोक्याने शांत होते. सर्गाचोव्ह निझ्नेकाम्स्कहून विंडसरला आला, २०१६ ला नववा ड्राफ्ट, पुढच्या वर्षी सीएचएलचा मेमोरियल कप. आंद्रेई स्वेचनिकोव्ह १६ व्या वर्षी यूएसएचएल या अमेरिकन ज्युनियर लीगमध्ये मस्कीगनला, मग ओंटारियोतल्या बॅरीला, २०१८ ला दुसरा ड्राफ्ट. प्रोवोरोव्ह तर त्याहूनही लहान वयात पेनसिल्व्हेनियात आला होता. कुचेरोव्ह मात्र १९ चा झाल्यावर, टॅम्पाने आधीच ड्राफ्ट केल्यावर क्विबेकला आला, आणि मला तो क्रम सगळ्यात योग्य वाटतो, पाया सीएसकेएचा आणि शेवटचं पॉलिश इकडचं. उलट याकुपोव्ह घ्या, ओंटारियोतल्या सार्नियाला पहिल्याच वर्षी १०१ पॉइंट, २०१२ ला पहिल्या नंबरला ड्राफ्ट, आणि २०१८ ला परत केएचएलमध्ये. ज्युनियरमध्ये त्याच्या वेगापुढे कोणी टिकत नव्हतं त्यामुळे पक नसताना कुठे उभं राहायचं हे शिकायची वेळच त्याच्यावर आली नाही, असं मला वाटतं. इथेही तेच, मिनिटं होती पण कठीण नव्हती.

गोलीचं, म्हणजे गोलकीपरचं, वेगळं आहे. गोली असेल तर घरीच राहा, मी सरळ सांगते. वासिलेव्स्की, शेस्त्योर्किन, सोरोकिन, बोब्रोव्स्की, चौघंही रशियातच पिकले, शेस्त्योर्किन २०१४ ला ड्राफ्ट होऊन २०१९ ला आला, सोरोकिन तर २०२० ला. गोलीला वेळ लागतो आणि तिकडे तो वेळ देतात, सेकंड डिव्हिजनमध्ये खेळवतात, घाई करत नाहीत. २०१४ ते २०१८ या काळात तर सीएचएलने परदेशी गोली घेणंच बंद ठेवलं होतं, आणि त्याने रशियन गोलींचं काहीही अडलं नाही.

आता घरचं बोलू. कुस्तीत आपल्याकडेही हा वाद असतोच की, पोराला कोल्हापूरच्या तालमीत ठेवायचं की सोनीपतला पाठवायचं, पण तिथे निदान भाषा समजते आणि रात्रीच्या गाडीत बसलं की घरी येता येतं. रशियन पोरगं इथे बिलेट फॅमिलीकडे राहतं, म्हणजे क्लबने ठरवून दिलेल्या स्थानिक कुटुंबात. माणसं बहुतेक मायेची असतात, एका बाईंनी पोरासाठी रशियन दुकान शोधून ग्रेच्का, म्हणजे ते बकव्हीट, आणून शिजवायला शिकलेलं मी बघितलंय. पण प्रॅक्टिस आटपून पोरगं खोलीत येतं तेव्हा चेल्याबिन्स्कला पहाट झालेली असते, आईला उठवायचं की नाही हा विचार करत ते फोन हातात घेऊन बसतं. वर ६८ मॅचचा सीझन, बसमधले तासन्‌तास प्रवास, आणि शाळा. ज्याला घरी स्वतःचे कपडे धुवायची, स्वतः उठायची सवय नाही तो जानेवारीपर्यंत खचतो. त्यामुळे १३-१४ व्या वर्षी एकट्याने पाठवायला मी कधीच हो म्हणत नाही, प्रोवोरोव्हचं नाव कोणी कितीही घेतलं तरी.

आणि युद्ध. २०२२ च्या फेब्रुवारीपासून रशियन टीमला आंतरराष्ट्रीय हॉकीतून बाहेर काढलं, ज्युनियर वर्ल्ड कप नाही, अंडर-१८ नाही, म्हणजे तिकडच्या पोरांना आपल्या वयाच्या स्वीडिश, अमेरिकन मुलांसमोर स्वतःला मोजायची जागाच उरली नाही. सीएचएलनेही २०२२ आणि २०२३ ला परदेशी खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये रशियन मुलं घेतली नाहीत, २०२४ ला परत दार उघडलं. थेट विमानं बंद, येणंजाणं तिसऱ्या देशातून. त्यात सक्तीची सैनिकी सेवा, तिचं वय आता ३० पर्यंत गेलंय. इव्हान फेदोतोव्हने फिलाडेल्फियाशी करार केला होता आणि २०२२ च्या जुलैत त्याला सेंट पीटर्सबर्गमध्ये पकडून लष्करी सेवेला नेलं, तो इकडे पोचायला २०२४ उजाडलं. हे पालकांनी रशियातल्याच एखाद्या चांगल्या वकिलाला विचारावं, एजंटच्या शब्दावर राहू नये. मुलांचा यात काही दोष नाही आणि भोगतायत तेच, याचा मला फार त्रास होतो.

तर आता त्या शेजाऱ्यांच्या मुलाचं. डिफेन्समन, १६. यंदा मुळीच हलू नका. सीएचएलच्या परदेशी ड्राफ्टमध्ये मुलं साधारण सतराव्या वर्षी जातात, प्रत्येक क्लबला मोजक्याच परदेशी जागा असतात, त्या जागेवर बसणाऱ्याने पहिल्या चार डिफेन्समनमध्ये खेळलंच पाहिजे अशी अपेक्षा असते. हे वर्ष क्लबच्या एमएचएल टीममध्ये शिरायचा प्रयत्न करू दे. क्लबला सरळ विचारा की १८ व्या वर्षी याला कुठे बघताय, आणि गेल्या तीन वर्षांत तुमच्या शाळेतून किती डिफेन्समन वरच्या टीममध्ये नेमाने खेळले त्यांची नावं सांगा. लोकोमोटिव्हसारखा क्लब असेल तर थांबा, सिमाशेव्ह तिथेच वाढला, २०२३ ला सहावा ड्राफ्ट झाला, २०२५ ला त्यांच्याबरोबर केएचएलचा गागारिन कप जिंकून मगच एनएचएलमध्ये यूटाला गेला. नावं सांगता आली नाहीत तर छोट्या क्लबला लोनवर पाठवायची तयारी आहे का विचारा. तीही नसेल तर पुढच्या उन्हाळ्यात निघा, आणि तोपर्यंत तीन कामं करून ठेवा: रोज अर्धा तास इंग्रजी बोलायला लावा, लांबच्या मुदतीच्या कुठल्याही करारावर सही करू नका, आणि जो कॅनडियन क्लब बोलावतोय त्याच्या कोचशी मुलाचं स्वतःचं व्हिडिओ कॉलवर बोलणं करून द्या, मधे एजंट नको. त्या कॉलवर मुलानेच विचारायचं की गेल्या वर्षी तुमचा परदेशी डिफेन्समन मॅचला किती मिनिटं खेळला आणि पेनल्टी किलमध्ये, म्हणजे आपला खेळाडू शिक्षेने बाहेर असतानाच्या बचावात, होता का. कोचने आकडा सांगितला तर पुढे बोला, गोलगोल बोलला तर दुसरा क्लब बघा.